फुकटचा, विकतचा की घरचा? कंपनीत एआय आणताना कायद्याचा हिशेब

छोट्या-मध्यम कंपन्यांत सध्या एआयचे तीन मार्ग दिसतात. कर्मचारी आपापल्या फुकट खात्यावर चॅटबॉट वापरतात, किंवा कंपनी पैसे भरून व्यावसायिक योजना घेते, किंवा खुले मॉडेल उतरवून आपल्याच सर्व्हरवर चालवते. मालक मंडळी यांची तुलना महिन्याच्या बिलावरून करतात. बिल इथे बाजूला ठेवू. उद्या नोटीस आली तर कोणत्या मार्गावर तुमच्या हातात कोणता कागद असेल, एवढेच पाहू.

फुकटचा

इथे कागदच नसतो. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या (डीपीडीपी) कलम 8 प्रमाणे लोकांच्या माहितीवरचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे तर वैध करार लागतो. आता एचआरमधल्या कुणीतरी पगारपत्रकाची एक्सेल फाइल, म्हणजे नाव, पॅन, बँक खाते, यूएएन सगळे, स्वतःच्या जीमेलने उघडलेल्या चॅटबॉटमध्ये टाकली आणि ‘पीएफची बेरीज जुळवून दे’ म्हटले, तर करार त्या कर्मचाऱ्याचा आणि परदेशी कंपनीचा. तुमचा काहीच नाही. जबाबदारी मात्र तुमचीच, कारण कोणताही करार असो-नसो, ती माहिती गोळा करणाऱ्यावरच राहते असे हेच कलम सांगते.

कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागतात. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत, माहिती फुटल्याची खबर दिली नाही तर 200 कोटींपर्यंत. या कमाल मर्यादा आहेत. चाळीस माणसांच्या कंपनीला थेट 250 कोटींची भीती घालून सल्ला विकणारे बरेच फिरताहेत, त्यांचे फार मनावर घेऊ नका. दंड ठरवताना चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य बघायचे असते.

सरसकट बंदीनेही भागत नाही. 2023 मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर कंपनीने असल्या साधनांवर बंदी घातली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी 2025 मध्ये कार्यालयीन संगणकांवर ती वापरू नका असे कळवले. पण दुसरी सोय न देता संगणकावर बंद केले, की लोक तेच काम खिशातल्या मोबाइलवर करतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

विकतचा

पैसे भरले म्हणजे व्यावसायिक योजना झाली, हा गैरसमज महागात पडू शकतो. न्यूयॉर्क टाइम्स आणि चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय यांच्या दाव्यात मे 2025 मध्ये अमेरिकी न्यायालयाने हुकूम दिला की वापरणाऱ्यांनी पुसलेले संवादही जपून ठेवा. तो फुकट, प्लस आणि प्रो खात्यांना लागला, इतकेच नव्हे तर छोट्या ऑफिसांना विकल्या जाणाऱ्या टीम योजनेलाही लागला. मोठ्या कंपन्यांसाठीच्या एंटरप्राइझ योजनेचे ग्राहक त्यातून सुटले. ते बंधन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उठले, पण योजनेच्या नावातल्या एका शब्दाने केवढा फरक पडतो ते दिसले.

म्हणून विक्रेत्याचे सादरीकरण राहू द्या, करार मागवा. तुमचा मजकूर मॉडेल शिकवायला वापरणार का, तो किती दिवस ठेवणार, माहिती फुटली तर तुम्हाला किती तासांत कळवणार? शेवटचे कलम बारकाईने वाचा, कारण तुम्हाला डीपीडीपीखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे 72 तासांत तपशील द्यायचा आहे.

एआयने दिलेल्या मजकुरावरून ग्राहकावर कॉपीराइटचा दावा झाला तर संरक्षण देण्याची हमी मायक्रोसॉफ्ट, गुगल आणि ओपनएआय या तिघांनी 2023 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान जाहीर केली. विकतच्या मार्गाची खरी किंमत मला इथे वसूल होताना दिसते. मात्र अटी आहेत. दिलेले फिल्टर बंद केलेत किंवा जाणूनबुजून दुसऱ्याचे उचललेत, तर हमी गेली.

घरचा

माहिती बाहेर जात नाही, हा मोठा दिलासा. पण ‘भारताबाहेर माहिती पाठवताच येत नाही’ म्हणून सर्व्हर घेत असाल तर थांबा. डीपीडीपीत तशी सरसकट मनाई नाही. सरकार ज्या देशांबाबत निर्बंध घालेल तेवढेच. पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा 2018 चा आदेश आहे, ती गोष्ट वेगळी.

‘खुले’ या पाटीमागे परवाने निरनिराळे असतात. डीपसीक या चिनी कंपनीचे आर1 हे मॉडेल एमआयटी परवान्यावर, म्हणजे जवळपास विनाअट, मिळते (तुमच्या सर्व्हरवर चालवलेत तर मजकूर चीनला जात नाही, त्यांच्या ॲपची गोष्ट निराळी). मेटाच्या लामा 3.2 मधल्या चित्रे वाचणाऱ्या मॉडेलांचा परवाना मात्र युरोपीय संघातल्या कंपन्यांना नव्हता. शिवाय इथे हमी देणारा कुणी नाही, आणि सुरक्षेची सगळी जबाबदारी तुमच्या सिस्टिम ॲडमिनवर. वर्षभर लॉग, म्हणजे माहिती कुणी कधी उघडली याच्या नोंदी, जपणेही त्यात आले. तो माणूस नोकरी सोडून गेला तर काय, याचे उत्तर नसेल तर हा मार्ग घेऊ नका.

तिन्हीकडे सारखेच

उत्तर चुकले तर मार्ग कोणता होता, हे कुणी विचारत नाही. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला शोकप्रसंगाच्या तिकीट सवलतीबद्दल चुकीचे सांगितले. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असाही बचाव कंपनीने केला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो फेटाळून सुमारे 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. मुंबई उच्च न्यायालयाने तर ऑक्टोबर 2025 मध्ये प्राप्तिकराचा एक आकारणी आदेशच रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते; एआयच्या उत्तरांवर पडताळणीशिवाय विसंबू नका, असेही बजावले. सीए आणि वकिलांच्या ऑफिसांनी हे प्रकरण जरूर वाचावे. शेअर बाजारातल्या मध्यस्थांवर तर एआयच्या निकालाची पूर्ण जबाबदारी सेबीने फेब्रुवारी 2025 मध्येच टाकली आहे.

भरतीत एआय वापरत असाल तर आणखी जपून. युरोपीय संघाच्या एआय कायद्यात भरतीची साधने उच्च जोखमीच्या वर्गात आहेत, आणि साधनाचा निकाल तिकडे वापरला जात असेल तर कंपनी पुण्यात असली तरी हा कायदा पोहोचतो. जर्मन ग्राहकासाठी उमेदवार चाळणाऱ्या इथल्या संस्थेने हे धरूनच चालावे.

माझे मत विचाराल तर बहुतेकांनी विकतचा मार्ग घ्यावा, तोही वरची तीन उत्तरे लेखी मिळाल्यावर. रुग्णालय असेल, किंवा गोपनीयतेच्या कराराने ग्राहकाने तुमचे हात बांधले असतील, तर घरचा. फुकटचा फक्त जो मजकूर उद्या वर्तमानपत्रात छापून आला तरी चालेल तेवढ्यापुरता. आणि ग्राहकांशी केलेले जुने करार कपाटातून काढा. 2022 आधीच्या करारांत एआयचा उल्लेख सहसा नसतो, पण ‘त्रयस्थाला माहिती देऊ नये’ हे कलम हमखास असते. ग्राहकाची ड्रॉइंग कोणत्याही चॅटबॉटला दाखवण्याआधी त्याच्याकडून ईमेलवर होकार घ्या.