ग्लुकोमीटर: अडीच महिने वापरून झाल्यावर

मार्चमध्ये चेकअप केलं तर एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ताची टेस्ट) ८.२ आणि उपाशीपोटी साखर १६८. आईला शुगर आहे तरी माझं वय ४३, मला होईल असं वाटलंच नव्हतं, रिपोर्ट घेऊन लॅबच्या जिन्यातच बसले कितीतरी वेळ. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू केली आणि म्हणाल्या घरी साखर मोजायचं मशीन, म्हणजे ग्लुकोमीटर, घ्याच.

मी एकदम साधं मॉडेल घेतलं, ब्लूटूथ वगैरे काही नाही, स्ट्रिप घातली की चालू होतं, थेंब लावला की पाच सेकंदात आकडा, आणि आकडे एवढे मोठे की आईलाही चष्म्याशिवाय दिसतात. टोचायच्या पेनला १ ते ५ सेटिंग आहे, पहिल्या दिवशी मी ४ वर ठेवलं, बोट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं, आता २ वर भागतं. बोटाच्या मधोमध नका टोचू, कडेला टोचा, खूप कमी दुखतं.

पैसे वसूल झाले ते पोह्यांमुळे. रोजचे बशीभर पोहे आणि चहा, दोन तासांनी चेक केलं तर २१८! त्याच आठवड्यात दुपारी एक ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडी खाल्ली तर १५४. मला डॉक्टरांनी १८० च्या आत ठेवायला सांगितलंय. मग पोहे सोडले नाहीत पण निम्मे केले, शेंगदाणे मटार वाढवले, सोबत उकडलेलं अंडं आणि चहा बिनसाखरेचा, तर १७१. हे कुठल्या डाएट चार्टवरून मला इतकं पटलं नसतं.

मे महिन्यात एकदा जेवणाआधी २६२ आलं आणि धडकीच भरली, मग आठवलं की नुकतेच मुलांना हापूस कापून दिले होते आणि हात नुसते पुसलेले. साबणाने धुऊन कोरडे केले, दुसऱ्या बोटावर घेतलं, ११९. म्हणून सांगते, आकडा विचित्र आला तर आधी हात धुवा.

लॅबमध्ये रक्त दिलं त्या सकाळी घरी पण बघितलं, लॅब १२४, मशीन १३३, डॉक्टर म्हणाल्या घरच्या मशीनला १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. पण एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, तो लॅबमध्येच करायचा.

एक स्टार कापला तो स्ट्रिप्ससाठी. मशीन स्वस्त पण ५० स्ट्रिप्स मला ९०० च्या आसपास पडतात आणि ऑनलाइन मागवल्या तर एक्सपायरीला दीडच महिना उरलेल्या आल्या, त्यांनी परत घेतल्याच नाहीत. घेण्याआधी तुमच्या मेडिकलवाल्याला विचारा त्याच्याकडे कोणत्या स्ट्रिप्स कायम मिळतात, मग त्याप्रमाणे मशीन घ्या. आणि डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळी हवेत स्ट्रिप्स खराब होतात.

५ पैकी ४. जूनअखेर परत एचबीए१सी आहे, आला की इथेच टाकते.