'बेंगळुरूच्या पार्टीचं' डोमेन आम्हाला २८ हजारांना पडलं, आणि पार्टी निघाली आमच्याच गावातली

गोव्यात छोटा धंदा करणाऱ्या आणि वेबसाइट काढायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय. आमच्या दादाचं डिचोलीला काजूचं युनिट आहे, छोटंच. गेल्या वर्षी चवथीच्या आधी त्याच्या डोक्यात आलं की गिफ्ट बॉक्स काढायचे, ऑनलाइन ऑर्डरी घ्यायच्या, म्हणून ओळखीतल्या एका पोराला वेबसाइटचं काम दिलं. साइटच्या नावावरून (म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, त्यालाच डोमेन म्हणतात) घरात बरीच डोकेफोड झाली, गोवा आणि काजू जोडून जे काय सुचेल ते आधीच कोणीतरी घेतलेलं, वहिनीला काहीतरी फॅन्सी हवं होतं, शेवटी आजोबांच्या टोपणनावावर सगळे तयार झाले, पुढे डॉट इन. आता हे असलं नाव जगात दुसऱ्या कोणाला कशाला हवं असेल, सांगा! (नाव इथे लिहीत नाही, अजून ते त्या पोराच्याच ताब्यात आहे.)

दादाने नाव त्याला व्हॉट्सॲप केलं संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी. आठच्या सुमाराला रिप्लाय, "पात्रांव, नाव मस्त आहे पण गेलंय, बेंगळुरूच्या एका पार्टीकडे आहे २०१६ पासून, पन्नास मागतोय." घासाघीस होऊन २८ हजारांवर सौदा ठरला. पैसे गेले त्या पोराच्याच यूपीआयवर, पार्टी ना कधी फोनवर आली ना मेलवर. बॉक्स छापून आले, त्यावर सोनेरी अक्षरात साइटचा पत्ता, चवथीला आणि दिवाळीला माल बरा गेला, सगळे खूश.

यंदा त्या पोराकडून रिन्यूअलचा, म्हणजे नाव पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायचा, मेसेज आला ११ हजारांचा. दादाने तो मला फॉरवर्ड केला आणि माझं डोकंच सटकलं, कारण डॉट इनचं साधं नाव वर्षाला हजाराच्या आसपास पडतं, कित्येकदा त्याहून कमीच. मग हूइज बघितलं. हूइज म्हणजे नावांची नोंदवही समजा, कोणीही फुकट बघू शकतो. मालकाचं नाव-पत्ता हल्ली बहुतेक झाकलेला असतो, पण नाव पहिल्यांदा कधी नोंदलं ती तारीख आणि वेळ उघडी दिसते, आणि नाव नंतर दहा जणांनी एकमेकांना विकलं तरी ती बदलत नाही. आमच्या नावापुढे २०१६ वगैरे काही नाही, दादाने मेसेज केला तीच तारीख, वेळ १३:०७, शेवटी झेड. झेड म्हणजे ग्रीनिचची वेळ, त्यात साडेपाच तास मिळवा, ६ वाजून ३७ मिनिटं! म्हणजे मेसेज वाचला, अर्ध्या तासात स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि मग आम्हालाच विकलं. खाली राज्याच्या रकान्यात चक्क गोवा. बेंगळुरूची पार्टी डिचोलीतच बसलेली.

आणि विकलं तरी कुठे, नाव अजून त्याच्याच खात्यात. आम्ही ऑथ कोड मागितला (हा कोड मिळाला की नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, नेता येतं), तर म्हणे ६० दिवसांचं लॉक असतं. लॉक असतं हे खरं, पण ते नाव नवीन नोंदल्यावर किंवा नुकतंच हलवल्यावर, इथे वर्ष उलटून गेलं. मग म्हणाला ११ भरा, कोड देतो. त्याला पक्कं ठाऊक होतं की छापील बॉक्स गोदामात पडलेत.

हे धंदे जुने आहेत हो. २००८ मध्ये अमेरिकेतली एक मोठी रजिस्ट्रार कंपनीच लोकांनी तिच्या साइटवर शोधलेली नावं स्वतःकडे अडवून ठेवायची, त्यावरून कोर्टकचेरी झाली. खरोखर महाग नावंही असतात, नाही असं नाही, पण तिथे पैसे एस्क्रोतून जातात, म्हणजे नाव तुमच्या खात्यात आल्याशिवाय विकणाऱ्याला मिळत नाहीत.

डॉट इनसाठी निक्सीकडे (डॉट इनचा कारभार बघणारी संस्था) आयएनडीआरपीखाली, म्हणजे डॉट इनच्या भांडणांसाठीच्या नियमांखाली, तक्रार करता येते, पण डोमेन तुमचा हक्क असलेल्या नावासारखं किंवा ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलंय किंवा वापरतोय हे तुम्ही दाखवायचं. आजोबांच्या टोपणनावावरचा हक्क कागदावर कोण करून ठेवतो? सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकलीय, सोबत व्हॉट्सॲपचे आणि हूइजचे स्क्रीनशॉट. पैसे आत्ताच गेले असतील तर मात्र आधी १९३० ला फोन लावा, लवकर कळवलं तर रक्कम अडवली जाऊ शकते.

दादाने ११ हजार काही दिले नाहीत. टोपणनावापुढे गावाचं नाव जोडून नवीन डोमेन घेतलं, दादाच्याच मेलवर, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर, बिल त्याच्या नावाने. नाव पक्कं होऊन पैसे भरेपर्यंत आम्ही कोणाकडे तोंड उघडलं नाही, छपाईवाल्याकडेसुद्धा. जुन्या बॉक्सवर आता वहिनी आणि पोरं बसून स्टिकर मारतायत, शिव्या घालत.

परवा मांद्र्याला होमस्टे असलेल्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला, त्यांना वेबसाइटसाठी हवं असलेलं नाव पण म्हणे बेंगळुरूच्या पार्टीकडे आहे आणि पार्टी साठ मागतेय. हूइज बघायला सांगितलं, तर नाव आदल्याच दिवशी नोंदलेलं. त्यांनी मागे एक शब्द जोडून दुसरं नाव घेऊन टाकलं, हजाराच्या आत. त्यांचा वेबसाइटवाला पोरगा अजून रोज मेसेज करतोय त्यांना, पार्टी आता पस्तीसवर आलीय.