पंचवटी एक्सप्रेसमधला अर्धा तास: ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’चे परीक्षण

सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसल्यावर इगतपुरी येईपर्यंत साधारण पाऊण तास हाताशी असतो, आणि ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’चा पूर्ण डाव ३० मिनिटांचा असतो. कामानिमित्त मुंबईला जाता-येता गेले काही महिने मी हा खेळ मोबाइलवर खेळत आलो आहे आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या संगणकावरही त्यात बराच वेळ घालवला आहे. एकदा उतरवून घेतला की तो इंटरनेटशिवाय चालतो, त्यामुळे कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क गेले तरी डाव मोडत नाही. रोज प्रवास करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

लुका गालान्ते या इटालियन विकसकाने डिसेंबर २०२१ मध्ये हा खेळ अपूर्ण स्वरूपात स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आणला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोबाइलवर तो मोफत मिळू लागला, आणि २०२३ च्या बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत ‘एल्डन रिंग’ व ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ यांसारख्या प्रचंड खर्चाच्या खेळांना मागे टाकून त्याने सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळवला. दिसायला मात्र तो नाशिकमध्ये शालिमारजवळच्या दुकानातून भाड्याने आणून आम्ही टीव्हीवर खेळत असू त्या जुन्या व्हिडिओगेमच्या कॅसेटींसारखा आहे: ठिपक्याठिपक्यांची माणसे, वरून दिसणारे मैदान आणि चारी बाजूंनी चालून येणारी वटवाघळे व हाडांचे सापळे.

खेळाडूने फक्त चालायचे असते. शस्त्रे ठरावीक वेळाने आपोआप चालतात, मेलेल्या शत्रूंची रत्ने वेचली की पातळी वाढते आणि दर पातळीला समोर आलेल्या तीन-चार पर्यायांतून एक निवडावा लागतो. शस्त्रांसाठी सहा जागा आणि पूरक वस्तूंसाठी सहा, एवढ्यातच सगळे बसवायचे असते. या खेळाची खरी गुणवत्ता या निवडीत आहे, बोटांच्या चपळाईत नाही. अंतोनिओ या पहिल्या पात्राचा चाबूक सुरुवातीला तोंड ज्या दिशेला असेल त्याच बाजूला फटका मारतो, म्हणून पाठीमागून आलेल्या वटवाघळासाठी वळावे लागते. दुसऱ्या पातळीला चाबूक मागेही फटका मारू लागतो आणि तेवढ्या एका बदलाने आपली चालण्याची पद्धतच बदलते. चाबूक आठव्या पातळीपर्यंत नेला, जोडीला आयुष्य वाढवणारे ‘हॉलो हार्ट’ घेतले आणि दहा मिनिटांनंतर एखाद्या बलाढ्य शत्रूकडून पेटी मिळवली, की त्याचा ‘ब्लडी टिअर’ होतो आणि फटक्याबरोबर आपले आयुष्यही भरून येते. कशाबरोबर काय जुळते हे खेळ आधी सांगत नाही. ते सांगणारा ग्रंथ दुसऱ्या टप्प्यात, ग्रंथालयात, सापडतो. माझ्या मते हा उशीर योग्यच आहे, कारण पहिल्या जोड्या चुकतमाकत स्वतः शोधण्यातला आनंद पुन्हा मिळत नाही.

उणिवाही याच रचनेतून येतात, आणि सर्वांत मोठी उणीव शेवटच्या दहा मिनिटांत आहे. ‘किंग बायबल’ हे भोवती फिरणारे शस्त्र थोडा वेळ फिरून थांबते, आणि ते थांबले की त्या फटीतून शत्रू आत घुसतात. ती फट सांभाळत चालणे हाच खेळ असतो. त्याला ‘स्पेलबाइंडर’ची जोड देऊन ‘अनहोली वेस्पर्स’ मिळवले की फिरणे कायमचे होते, फट उरत नाही आणि चालण्याचे कारणही संपते. घोटीच्या आसपास मी अनेकदा मोबाइल मांडीवर ठेवून नुसता घड्याळाकडे पाहत बसलो आहे. तिसाव्या मिनिटाला मृत्यू स्वतः हातात कोयता घेऊन येतो आणि डाव संपवतो, पण तोपर्यंत निर्णय घेण्यासारखे काही उरलेले नसते. चांगल्या निवडीचे बक्षीस म्हणून खेळाडूच्या हातून खेळच काढून घ्यावा, हे मला पटत नाही.

दुसरी उणीव नाण्यांची आहे. मेल्यावर डाव पहिल्यापासून सुरू होतो, पण कमावलेली नाणी टिकतात आणि त्यांतून ताकद, चिलखत, वेग अशा कायमच्या वाढी घेता येतात. त्यामुळे पहिले काही डाव हरतो ते बहुतेक वेळा चुकीने नव्हे, तर या वाढी घेतलेल्या नसल्याने, आणि पुढे जिंकतो तेव्हा आपण शिकलो की आकडे वाढले हे कळत नाही. घेतलेल्या वाढी परत करून सगळी नाणी मिळवता येतात आणि वेगळी मांडणी करून पाहता येते, ही सोय चांगली आहे.

पेटी उघडतानाचा झगमगाट आणि नाण्यांचा पाऊस जुगाराच्या यंत्रासारखा आहे, आणि गालान्ते पूर्वी त्याच व्यवसायात काम करत असत. घरात लहान मुले असतील तर हे माहीत असावे. मात्र त्या पेट्यांसाठी खरे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि मोबाइलवर मेल्यानंतर पुन्हा उठण्यासाठी किंवा जास्त नाण्यांसाठी जाहिरात पाहायची की नाही हेही खेळाडूच्याच इच्छेवर असते. मोफत खेळांच्या बाजारात इतका सरळपणा मी क्वचितच पाहिला आहे.

संगणकावर एकाच पडद्यावर चौघांना खेळता येते. दिवाळीत भाचा आला तेव्हा आम्ही दोघे बसलो. पातळी वाढली की निवड आळीपाळीने येते, त्यामुळे “मामा, या वेळी लसूण तुम्ही घ्या, मला छडी हवी” अशी बोलणी सतत चालली होती (लसूण आणि छडी ही या खेळातली शस्त्रेच). एकट्याच्या खेळात संपून जाणारा विचार इथे शेवटपर्यंत टिकला. फक्त पंचविसाव्या मिनिटानंतर पडद्यावर इतके आकडे आणि प्रकाश उसळू लागले की आपले पात्र कोणते हेच दोघांना दिसेना. खेळ सुरू करण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन नुकसानीचे आकडे आणि लखलखाट हे दोन्ही बंद करावेत, आणि ज्यांना लुकलुकत्या प्रकाशाचा त्रास होतो त्यांनी तर ते पहिल्या डावाआधीच करावे.