ट्रेलरचा कॉइल सेट: हवेचं काम चोख, प्लगमध्ये कंजुषी

ट्रकमधून ट्रेलरला वीज नेणारी २४ व्होल्टची सात पिनांची कॉइल केबल आणि ब्रेकची हवा नेणाऱ्या लाल-पिवळ्या गुंडाळी नळ्या म्हणजे एअर कॉइल, असा हा सेट. केबल जाड आहे, ताणून सोडली की नीट आखडते. प्लगचे स्क्रू मात्र कारखान्यातूनच ढिले येतात. एक नंबरची पिन अर्थिंगची. ती सैल असेल तर ब्रेक दाबताच इंडिकेटरही मिणमिणतात आणि लोक उगाच बल्ब बदलत बसतात! जोडण्याआधी प्लग उघडून सगळे स्क्रू आवळा.

एअर कॉइल झकास. लाल लाइन ट्रेलरच्या टाकीला हवा देते, पिवळी ब्रेकचा इशारा नेते. लाल सुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. पाम कपलिंगच्या, म्हणजे हवेच्या लाइनी जोडायच्या जोडाच्या, रबरी वायसरला चीर दिसली तर सरळ बदला, टेप गुंडाळून गळत्या हवेचं सूंऽऽ थांबत नाही. टांगायची स्प्रिंग सेटमध्ये नाही. वेगळी घ्या, नाहीतर वळणावर कॉइल चासीला घासते.