जेम पोर्टलवर सहा वर्षं टॉवेल विकतोय, अनुभव सांगतो

सोलापूरला आमचे यंत्रमाग आहेत, टेरी टॉवेल आणि चादरी. २०१९ पासून जेमवर, म्हणजे सरकारी खाती ज्यावरून खरेदी करतात त्या पोर्टलवर, सेलर आहे आणि नवीन लोकं सारखी विचारतात म्हणून एकदा लिहूनच टाकतो. माझ्याकडून ५ पैकी ४.

रजिस्ट्रेशन अजिबात अवघड नाही. पॅन, जीएसटी, बँक खातं, रिटर्न आणि उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), बस. उद्यम फुकट निघतं, कुणी एजंट पैसे मागत असेल तर सरळ उठून या. आमचं आधी जुनं उद्योग आधार होतं, १ जुलै २०२० पासून उद्यम आलं तेव्हा परत सगळं प्रोफाइल जोडावं लागलं. पण हे कराच, कारण उद्यम असलेल्या उत्पादकाला इएमडी, म्हणजे बोली लावताना भरायची अनामत रक्कम, माफ असते आणि केंद्राच्या खात्यांना त्यांच्या खरेदीतली २५ टक्के लघुउद्योगांकडून घ्यायची असते. नुसत्या ट्रेडरला हा फायदा नाही, आपण स्वतः विणतो म्हणून आपल्याला आहे.

खरं काम सुरू होतं ते ऑर्डर आल्यावर. माझी दुसरीच ऑर्डर होती, एका सरकारी दवाखान्याची, ३० बाय ६० इंच, ४५० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजन). तिथल्या स्टोअरकीपरनी गठ्ठ्यातले कुठलेही दहा टॉवेल काढले आणि काट्यावर ठेवले. हिशोबाने एक टॉवेल ५२० ग्रॅमच्या आसपास पाहिजे, दहाचे सव्वापाच किलो, आणि भरले ५ किलो ४० ग्रॅम. पाइल (टॉवेलवरचे सुताचे फासे) थोडा कमी बसला होता, चूक आमचीच. त्यांनी माल परत पाठवला आणि मला आजही वाटतं की त्यांनी बरोबर केलं, कारण तो टॉवेल पेशंटला वापरायचा होता. तेव्हापासून प्रत्येक लॉटचे दहा टॉवेल आम्ही इथेच मोजतो, वजनाची चिठ्ठी गठ्ठ्यावर चिकटवतो आणि काट्यासकट फोटो काढून ठेवतो. तो फोटो नंतर दोनदा कामाला आला.

उशिराचंही बघा. एकदा गाडी शेवटच्या तारखेला पोचली पण शनिवार संध्याकाळ, स्टोअर बंद, माल सोमवारी उतरला. उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, आठवड्याचा तुकडा असला तरी आख्खा आठवडा धरतात, जास्तीत जास्त १० टक्के. रक्कम किरकोळ पण रेटिंगवर डाग पडतो आणि तो मनाला लागतो. आता मी शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधीच माल पोचवतो आणि कंसायनीला, म्हणजे माल उतरवून घेणाऱ्याला, आदल्या दिवशी फोन करतो.

पेमेंटचं सांगायचं तर सगळा जीव सीआरएसी मध्ये, म्हणजे माल तपासून स्वीकारल्याच्या दाखल्यात, अडकलेला असतो. माल मिळाल्याची तात्पुरती पावती, त्यानंतर दहा दिवसांत तपासून सीआरएसी, आणि तिथून दहा दिवसांत पैसे, असं नियमात आहे आणि बहुतेक ठिकाणी खरंच महिन्याच्या आत येतात. पण एका ठिकाणी साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांचं लॉगिन तयार नव्हतं आणि साडेतीन महिने पैसे अडकले. माग चालवणाऱ्यांना मात्र दर शनिवारी मजुरी द्यावीच लागते हो, तिथे साडेतीन महिने म्हणजे सुताचा उधारीवाला दारात. पोर्टलवर इन्सिडेंट (तक्रार) टाकला, पत्र दिलं, शेवटी स्वतः जाऊन बसलो तेव्हा सुटलं. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे आणि नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं २००६ च्या कायद्यात आहे, पत्रात हे जरूर लिहा, वाचून हालचाल होते. एक स्टार मी यासाठीच कापला.

बाकी १० लाखापर्यंतच्या ऑर्डरवर पोर्टलचा चार्ज नाही, हे लहान माणसासाठी फार मोठं आहे. रिव्हर्स ऑक्शनमध्ये, म्हणजे भाव खाली खाली आणायच्या लिलावात, मात्र हात आवरा. आधी कागदावर सुताचा भाव, मजुरी, भाडं लिहून खालचा आकडा ठरवा आणि त्याच्या खाली जाऊ नका, रात्री अकराला एल-वन (सगळ्यात कमी भाववाला) होण्याच्या नादात लोकं तोट्यात जातात आणि मग पाइल कमी करतात, आणि मग तो स्टोअरकीपरचा काटा.

आणि बिडमधली (निविदेतली) कंसायनीची यादी आधी वाचा. आत्ता एक ४,००० चादरींची बिड उघडी आहे, भाव चांगला बसतोय, पण माल अठरा ठिकाणी पोचवायचा आहे म्हणजे अठरा सीआरएसी. मी सोडली.