पीटी-१०९ चं १:७२ मॉडेल किट: बोट झकास, पण फळ्या विसरले

ऑनलाइन मागवलं, अडीच हजाराच्या आसपास पडलं, खोक्याचा एक कोपरा चेपला होता पण आतलं सगळं शाबूत. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि कदाचित मला आलेलाच पीस खराब असेल.

तर ही जॉन केनेडीची दुसऱ्या महायुद्धातली बोट, तो अमेरिकेचा प्रेसिडेंट व्हायच्या कितीतरी आधीची. ८० फुटी लाकडी टॉर्पेडो बोट, या स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या ७२व्या हिश्श्यात, साधारण ३४ सेंटिमीटर भरते, शोकेसचं माप आधी घ्या, मी घेतलं नाही आणि आता ती फ्रीजवर आहे.

फिटिंग मस्त. हल (बोटीचा खालचा सांगाडा) आणि डेकचा सांधा थोड्याशा पुट्टीत झाकला जातो, टॉर्पेडोच्या चारही ट्यूब सरळ बसल्या. पावसाळ्यात मात्र करायला घेऊ नका, रंग दोन दोन दिवस चिकट राहतो. डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे स्टिकर, भंगार. पाण्यात टाकलं आणि १०९ मधला ९ फाटला, शेवटी ब्रशनेच रंगवला, जवळून बघू नका म्हणजे झालं.

आता मेन मुद्दा, पुढच्या डेकवरची ३७ मिमीची तोफ. ही मुळात बोटीची नव्हतीच, रणगाड्यांवर मारायची तोफ कुठूनतरी मिळवून केनेडीच्या लोकांनी पुढे बांधली, शुद्ध जुगाड, आणि तिला जागा करायला तिथला लाइफ राफ्टच काढून टाकला, खाली आधाराला जाड फळ्या. आणि नेमकं त्यानंतर २ ऑगस्ट १९४३ ला पहाटे अडीचच्या सुमारास सॉलोमन बेटांजवळ ब्लॅकेट सामुद्रधुनीत मिट्ट काळोखात जपानी विनाशिका अमागिरी थेट अंगावर आली. बोटीवर रडार नाही, पाण्यावर फेसाची रेघ दिसू नये म्हणून तीनपैकी एकच इंजिन चालू, वळायला वेळच मिळाला नाही. बोटीचे दोन तुकडे. १३ जणांपैकी २ गेले, ११ जण पुढच्या तरंगणाऱ्या तुकड्याला धरून राहिले, पण तोही बुडेल असं वाटायला लागलं तेव्हा दुपारी पोहायला निघाले. इंजिनवाला मॅकमहॉन जबर भाजला होता, त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातात धरून केनेडीने त्याला ओढत नेलं, साडेपाचेक किलोमीटर, चार तास, एका छोट्या बेटापर्यंत. आणि बाकीचे, ज्यात धड पोहता न येणारेही होते, ते कशाला धरून गेले? त्याच तोफेखालच्या फळीला!

आणि किटमध्ये ती फळीच नाही. तोफ आहे, खाली सपाट डेक. म्हटलं हे चालणार नाही, मावा कुल्फीच्या काड्या तासून फळ्या केल्या, सगळ्या मॉडेलमध्ये मला तेवढाच भाग आवडतो.

माहितीपत्रकाचंही तेच. सगळं केनेडी केनेडी. बिउकू गासा आणि एरोनी कुमाना ही नावंच नाहीत, अरे तिथल्याच बेटांवरची ही दोन पोरं डोंग्यातून आली नसती तर पुढचा प्रेसिडेंट तिथेच शहाळी खात बसला असता. नारळावर निरोप कोरायची आयडिया गासाचीच असं सांगतात. ११ जिवंत आहेत, लहान बोट हवी, हा माणूस जागा दाखवेल, अशा अर्थाचं कोरलं, आणि हे दोघं जपान्यांच्या नाकाखालून साधारण ६० किलोमीटर वल्हवत रेंडोव्हाच्या अमेरिकन तळावर तो नारळ घेऊन गेले. ८ ऑगस्टला सुटका. आमचे मालवणचे मामा म्हणाले हिरवाच नारळ असणार, कोवळ्या सालीवर चाकूने लिहिलेलं लगेच काळपट उठून दिसतं. तो नारळ पुढे केनेडीच्या ऑफिसात टेबलावर होता, आता बोस्टनच्या त्याच्या लायब्ररीत आहे. त्या दोघांना शपथविधीचं आमंत्रण होतं म्हणे, पण ते पोचलेच नाहीत.

असो. बोटीला पाचपैकी चार, पत्रकाला एक, डिकल्सला शून्य. ग्लू, रंग, निपर (भाग कापायची पक्कड) खोक्यात नाही, वेगळे घ्यावे लागतात, आणि कुल्फी दोन खा, एका काडीत फळ्या पुरत नाहीत.