वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातलं पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीचं दुकान: मनापासून शिफारस

निवृत्तीनंतर या उन्हाळ्यात माळा रिकामा करायला काढला. पितळी भांडी लेकीकडे गेली, मासिकं रद्दीत. सासऱ्यांची पेटी मात्र कुणाला द्यायला मन धजेना, म्हणून या दुकानात नेली.

दुकानातल्या काकांनी हवा सोडणाऱ्या खुंट्या बंद करून भाता भरला आणि तो किती वेळात बसतो ते पाहिलं. झटकन बसला, म्हणजे हवा गळत होती. भात्याचं कातडं बदललं, सूर (आवाज देणाऱ्या पितळी पट्ट्या) एकेक काढून ब्रशने साफ केले, उतरलेले घासून जुळवले. "सगळे नवे टाका" असं एकदाही म्हणाले नाहीत. जुन्या पितळेचा आवाज गोड आहे, तो राहू द्या म्हणाले. हे मला फार भावलं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, गायक मौलाबक्षांची संगीतशाळा जिथे सुरू झाली, त्या वडोदऱ्यात असे कारागीर टिकायलाच हवेत.

वेळ लागतो, घाई करू नका. पैसे आधी सांगितले तेवढेच घेतले. दुपारी दुकान बंद असतं, ऊन उतरल्यावर जा. आणि पेटी गच्चीवरच्या तापणाऱ्या खोलीत ठेवू नका, लाकूड तडकतं.